चोविसावं पोर्ट

सगळे फोन उजळले आणि एकच तेवढा काळा राहिला. नांदेडच्या त्या बियाणे कंपनीच्या हॉलमध्ये जेवणाची सुट्टी संपत आली होती, डब्यांतल्या ठेच्याचा वास अजून एसीच्या गारव्यात फिरत होता, आणि अश्वजितने भिंतीवरच्या लोखंडी पेटीतला स्विच एकदा बंद करून पुन्हा चालू केला होता. ही त्याची नेहमीची परीक्षा. या भागातल्या कचेऱ्यांत संध्याकाळी शेवटी निघणारा माणूस मेन पाडून जातो. ही यंत्रं दिवसरात्र चालू ठेवायची असतात असं कितीही सांगा, लोक मान डोलावतात, चहा पाजतात आणि जाताना मेन पाडतातच. म्हणून कुठेही फोन बसवले की सगळं एकदम मालवून एकदम जागं करून बघायचं, ही त्याने स्वतःला लावून घेतलेली सवय होती. एकेक टेबलावरचा फोन डोळे किलकिले करत उठला. हॉलच्या टोकाला, खिडकीशी बसणाऱ्या उज्वलाताईंचा मात्र उठेना. कंपनीत येणारा प्रत्येक फोन गेली वीसेक वर्षं आधी या बाईंच्या कानात यायचा आणि मग ज्याचा त्याच्याकडे जायचा. त्यांनी रिसीव्हर उचलला, कानाला लावला, हळूच जागेवर ठेवला आणि चष्म्यावरून बघत विचारलं, ‘‘माझाच का हो, सर?’’

आवाजात तक्रार असती तर बरं झालं असतं. तक्रारीला उत्तरं द्यायची त्याला सवय होती. लातूरपासून नांदेडपर्यंत किती तरी साहेबांच्या तक्रारी त्याने गोड बोलून जिरवल्या होत्या. पण बाईंच्या विचारण्यात नुसतं कुतूहल होतं, पोळी एका बाजूनेच का फुगली असं विचारावं तसं. ‘‘टेक्निकल हाय, ताई. बघून सांगतो,’’ एवढं तो म्हणाला आणि पेटीपुढे जाऊन उगाच वायरी चाचपत उभा राहिला. बघण्यासारखं काही नव्हतं. कारण त्याला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते त्या कारणामागचं कारण, आणि ते आपल्याला ठाऊक नाही हे त्याला आत्ता, या क्षणी कळलं.

स्विच म्हटलं की लोकांना दिव्याचं बटण आठवतं. हा स्विच म्हणजे एक चपटा डबा. त्याला पुढून चोवीस पोर्ट, म्हणजे चोवीस तोंडं; प्रत्येक तोंडातून एक वायर निघते आणि एकेका टेबलापर्यंत जाते. त्याच एका वायरीतून माणसाचा आवाज जातो आणि त्याच वायरीतून फोनला लागणारी वीजही जाते, याचं अश्वजितला इतकी वर्षं हे काम करूनही नवल वाटायचं. बोलणं आणि बोलण्याचं बळ एकाच वाटेने. त्या वाटेतही आवाजासाठी तो एक वेगळी पट्टी आखून द्यायचा, म्हणजे कुणी संगणकावर केवढीही फाईल ओढली तरी बोलणाऱ्याचा शब्द तुटू नये. डबा त्याने नीट हिशेब करूनच निवडला होता, साध्या फोनांना पुरून उरेल एवढी वीज त्यात होती. पहिल्या दिवशी सगळे साधे फोन बसले आणि सगळे उजळले. दुसऱ्या दिवशी साहेबलोकांना रंगीत पडद्याचे फोन आवडले. रंगीत फोन वीज जास्त मागतो. अश्वजितने ते सांगितलं, मोठा डबा पुढच्या वर्षी बघू असं मॅनेजर म्हणाले, आणि रंगीत फोन लागले. आता सगळे एकदम जागे झाले की वीज कमी पडणार, आणि कमी पडली की हा डबा पहिल्या पोर्टापासून देत जातो. मागच्याच्या वाट्याला उरलं तर उरलं. दुसरा काही क्रम आपण बसवून दिला नाही तर त्याचा नियम एवढाच. चोविसाव्या पोर्टाला उज्वलाताईंची वायर होती. ती तिथे कुणी लाव म्हणून सांगितलं नव्हतं. टेबलांचा नकाशा मॅनेजरनी दिला होता, वायरींचा क्रम ज्याचा त्याने ठरवायचा, आणि तो ठरवला होता अश्वजितच्या हाताने.

दुपारभर तो हाताकडे बघत राहिला. बोटांवर वायरीच्या सालपटाचे बारीक ओरखडे होते, नखात काळी घाण होती. हाताने ठरवलं म्हणजे कुणी ठरवलं? पहिल्या दिवशी तो आला तेव्हा फाटकावरच्या पाहुण्यांच्या वहीत त्याने नाव लिहिलं होतं, आणि ती वही त्या वेळी उज्वलाताईंच्या टेबलावर होती. त्यांनी नाव वाचलं. अश्वजित. भगवान बुद्धांच्या पहिल्या पाच भिक्खूंतलं एक नाव. ज्याला कळायचं त्याला कळतं, ज्याला कळत नाही तो ‘वा, वेगळं नाव आहे’ म्हणतो. ताईंनी आजूबाजूला बघितलं, आवाज खाली घेतला आणि ओठांतल्या ओठांत ‘जयभीम’ म्हणाल्या. त्या क्षणी त्याला बरं वाटलं होतं, परक्या गावात कुणी पाण्याचा तांब्या पुढे करावा तेवढं बरं. आणि त्याच क्षणी त्याने मान इतकी थोडी हलवली होती, की शेजारच्या टेबलावरून बघणाऱ्याला वाटावं माशी उडवली. मग तो पेटीकडे गेला, गुच्छातून ताईंची वायर हाताला लागली, ती त्याने बाजूला ठेवली, दुसऱ्या लावत गेला, आणि सगळ्यांच्या शेवटी ती लावली. त्या वेळी मनात शब्द एकही नव्हता. आता मात्र शब्द येत होते. आपल्यातल्या बाईला पुढचं पोर्ट दिलं असं कुणी म्हणू नये. कुणी म्हणणारं तिथे नव्हतं, पोर्ट म्हणजे काय हे त्या हॉलमध्ये कुणाला माहीत नव्हतं, आणि तरी त्याला त्या न बोललेल्या बोलण्याची भीती वाटली होती. लातुरात पहिल्या नोकरीत असताना त्याने एका चुलतभावाला कामावर लावलं होतं, तेव्हा कुणी तरी जिन्यात हसत म्हणालं होतं, यांचं काय बाबा, यांचं यांच्यात असतं. हसणारा माणूस नंतर त्याचा मित्र झाला, त्याच्या लग्नात येऊन नाचलासुद्धा. वाक्य मात्र जिन्यातच राहिलं आणि अश्वजित अजून तो जिना चढतोच आहे.

वायर बदलायला मिनिटभर पुरलं असतं. तेही नको, संगणकावर एक ओळ लिहून कुणाला आधी वीज द्यायची ते डब्याला सांगता येतं. पण बदललं की दुसरा कुणाचा तरी फोन मालवणार, तो विचारणार, आणि मग पहिल्यांदा कसं होतं नि आता असं का हे सांगावं लागणार. तेव्हा त्याने लोक करतात तेच केलं. उद्या येऊन बघतो म्हणाला आणि लातूरची बस धरली. लोह्याच्या पुढे मॅनेजर सिद्धेश्वर साहेबांचा फोन आला. साहेब माणूस वाईट नव्हता; चहा स्वतः ओतून द्यायचा, नावापुढे ‘जी’ लावायचा. साहेबांनी विचार करून ठेवला होता. नाही तरी नव्या यंत्रात कुणाला कोण हवं ते फोन करणाराच आकडा दाबून ठरवणार, मग मधे बाई कशाला? वीजही एकाच फोनची कमी पडते, म्हणजे हिशेब आपोआप जुळला. बाईंना अर्धापूरच्या रोपवाटिकेवर पाठवू, केळीची रोपं ट्रेमध्ये भरायला तिथे माणूस लागतंच. ‘‘तुमच्या बाजूनं काही अडचण न्हाई ना? टेक्निकली?’’ त्यांनी विचारलं, आणि बसच्या खडखडाटात अश्वजितच्या तोंडून निघून गेलं, ‘‘न्हाई साहेब, करता येईल तसं.’’

फोन खिशात गेला आणि मग त्याला ऐकू आलं आपण काय बोललो ते. खिडकीबाहेर सोयाबीन काढलेली रानं उघडी पडली होती आणि उन्हं कलत होती. उज्वलाताई रोपवाटिकेत कशा दिसतील हे त्याला बघायचं नव्हतं तरी दिसू लागलं. हिरव्या जाळीखाली, कोकोपीटच्या ओल्या भुशात कोपरापर्यंत हात, आणि कुणी तरी हाक मारतंय, ए बाई. हॉलमध्ये त्यांना सगळे मॅडम म्हणत. दोन दिवसांत त्याने त्यांना काम करताना ऐकलं होतं. धर्माबादचा व्यापारी बोलू लागला की त्या मधेच दोन शब्द तेलुगू टाकत, जळकोटचा माणूस असला की अघळपघळ होत, आणि कुणी चिडून ओरडला तर एवढंच म्हणत, ‘बोला की, मी ऐकून राहिले.’ मग तो माणूस शांत व्हायचा. रोपवाटिकेत रोपांना काय ऐकवणार? त्याला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. एका बाईचं टेबल आता आपल्या ‘करता येईल’वर उभं होतं, आणि ते आपण आधी हाताने आणि नंतर तोंडाने, असं दोनदा ढकललं होतं. पहिल्या वेळी कळलं नव्हतं असं म्हणता येईल, दुसऱ्या वेळेचं काय म्हणायचं?

लातूरला घरी पोचला तेव्हा आई, पारूबाई, नळाचं पाणी येऊन गेल्यावर भरलेल्या टाक्यांवर झाकणं ठेवत होती. पाण्याच्या बाबतीत लातूरच्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही, पण आईचं पाण्याशी नातं त्याही आधीचं, जळकोटचं. त्याचे वडील नरसिंग ग्रामपंचायतीच्या टाकीवर पाणी सोडायच्या कामाला होते. कुठल्या गल्लीचा व्हॉल्व्ह आधी फिरवायचा आणि कुठला मागून, हे त्यांच्या हातातल्या लोखंडी चावीवर होतं. वाढपी ओळखीचा असला की पंगतीत शेवटी बसलं तरी पोट भरतं म्हणतात. इथे वाढपी घरचाच होता आणि घर पंगतीत शेवटी बसून उपाशी राहायचं. नरसिंग सगळ्या गावाला पाणी देऊन झालं की मग आपल्या वस्तीचा व्हॉल्व्ह सोडत. तोवर टाकीत तळ राहायचा. नळाला आधी हवा यायची, मग गढूळ करंगळीएवढी धार, मग पुन्हा हवा. गावात मात्र नाव मोठं. नरसिंग म्हणजे धुतल्या तांदळासारखा माणूस. तांदूळ धुवायला त्याच्या घरात पाणी कुठून येत होतं हे कुणी विचारलं नाही. ते आई रानातल्या विहिरीवरून डोक्यावर आणायची. अश्वजितला वडिलांचा अभिमान होता. शाळेत प्रामाणिकपणावर निबंध लिहायला सांगितला तेव्हा त्याने व्हॉल्व्हचीच गोष्ट लिहिली होती आणि गुरुजींनी ती वर्गात वाचून दाखवली होती. त्या निबंधात वडील होते, चावी होती, गाव होतं. आई कुठेच नव्हती.

त्याने चहाचा कप हातात घेतला आणि बाबा आपल्याच वस्तीचा व्हॉल्व्ह शेवटी का सोडायचे असं विचारलं. आईला प्रश्नाचं नवल वाटलं नाही, उशिराचं वाटलं असावं. लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून, ती म्हणाली. माणूस भला होता, पण लोकांना लई भ्यायचा. दुसऱ्या कुठल्या गल्लीचं पाणी त्यांनी कधी तोडलं नाही, तोडलं ते आपलंच.

‘‘आन् तू काही म्हनली न्हाईस?’’

‘‘मला कोनी इचारलं व्हतं का?’’ आई म्हणाली. ‘‘त्येंचं नाव झालं. माझं डोकं झिजलं.’’ तिने पदर सावरला आणि राहिलेल्या टाकीवर झाकण ठेवलं. रागाने म्हणावं तर रागही नव्हता. अश्वजितने चहा संपवला. जीभ भाजली होती ते त्याला नंतर कळलं. आपल्याला वडिलांकडून इमानदारी मिळाली असं तो आजवर समजत होता. मिळाली होतीच. तिच्यासोबत दुसरंही काही आलं होतं आणि ते दोन्ही एकाच वायरीतून आल्यामुळे त्याने कधी वेगळं करून बघितलं नव्हतं. ते काय आहे, कुठून सुरू होतं आणि कुठे संपतं, हे बघावं असं त्याला फार वाटू लागलं. भीती असतेच, पण भीतीपेक्षा त्याला त्या वेळी कुतूहलच जास्त होतं.

सकाळच्या बसमध्ये तो डोळे मिटून एकेक टेबल आठवत गेला. कुणाचा फोन शेवटी ठेवायचा? हिशेबाच्या टेबलाला दिवसातून मोजके फोन येतात पण आले तर बँकेचे. गोदामाचा फोन तर अजिबात तोडता यायचा नाही, ट्रकवाले उभे राहतात. जो फोन मालवावा त्याच्यामागे कुणी तरी माणूस बसलेला निघायचा, आणि अश्वजितला त्या माणसाचा चेहरा दिसायचा. पहिल्या दिवशी मात्र चेहरा दिसूनही हात थांबला नव्हता. चेहरा दिसला होता म्हणूनच तो शेवटच्या पोर्टाकडे गेला होता. शेवटी एकच फोन असा सापडला की ज्याच्यामागे कुणी नव्हतं. साहेबांच्या केबिनमध्ये टेबलावर एक फोन होता, आणि कोपऱ्यातल्या सोफ्याशेजारी तिपाईवर दुसरा, तसाच रंगीत. मोठ्या माणसाच्या केबिनला सोफा हवा आणि सोफ्यापाशी फोन हवा, अशी इकडे रीतच पडून गेली आहे. त्या फोनवर कुणी बोललेलं कुणी बघितलेलं नसतं.

हॉलमध्ये शिरल्यावर तो आधी केबिनकडे जाणार होता. पाय खिडकीकडे गेले. उज्वलाताईंनी टेबल आवरून ठेवलं होतं. अर्धापूरचं त्यांच्या कानावर सकाळीच आलं असावं, कानावर येणं हाच त्यांचा धंदा. काळा फोन त्यांनी तरीही फडक्याने पुसला होता. अश्वजित खुर्ची ओढून बसला नाही, उभ्याउभ्याच बोलला. फोन बिघडलेला नाही. वायरींचा क्रम मी लावला, तुमची शेवटी लावली, आणि ती चुकून लागली नाही. तुम्ही जयभीम म्हणालात म्हणून लावली, कुणी मला आपल्या माणसांचा म्हणू नये म्हणून. हे सगळं त्याने बसमध्ये चांगल्या शब्दांत जुळवलं होतं. प्रत्यक्षात ते तुटक आणि रुक्ष बाहेर पडलं.

ताईंनी फडक्याची घडी घातली. ‘‘मला वाटलं साहेबांनी सांगितलं आसंल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्याचं काही वाटलं नसतं मला. सवय हाय. तुमी लावली म्हनता?’’ त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांचे डोळे ओले झाले होते आणि ते त्यांना आवडलेलं नव्हतं. ‘‘मंग आत्ता माझ्याशी बोलू नका. आधी फोन चालू करा.’’

केबिनमध्ये साहेबांनी हसून स्वागत केलं, चहा ओतला. अश्वजितने लॅपटॉप उघडला आणि सांगितलं की क्रम नव्याने लावतो आहे. सगळ्यांत आधी वीज उज्वलाताईंच्या फोनला. आकडे दाबायचं यंत्र चांगलंच आहे, पण चिडलेला माणूस आकडे दाबत नाही, त्याला बोलायला माणूस लागतं. ते माणूस या कचेरीत एकच आहे. वीज कमी पडलीच तर हा सोफ्याजवळचा फोन मालवेल. साहेबांनी सोफ्याकडे बघितलं, मग अश्वजितकडे. त्यांच्या चेहऱ्यावर काही तरी जुळल्याचा भाव आला. त्यात खवचटपणा नव्हता, सहज चौकशी होती, आणि आपल्याकडे अशा चौकशीला एकच शब्द आहे. तो शब्द नातं विचारतो आणि न विचारता जातही विचारून घेतो.

‘‘पाहुनी हाय का तुमची?’’

हा प्रश्न अश्वजितने आयुष्यात किती तऱ्हांनी चुकवला होता ते त्याचं त्यालाच ठाऊक. कधी हसून, कधी विषय बदलून, कधी नाही म्हणून. प्रश्न येण्याआधीच चोविसाव्या पोर्टात वायर खोचून त्याने तो कालपर्यंत चुकवला होता. आणि आता तो समोर, चहाच्या वाफेपलीकडे, साधासुधा बसला होता. इतका साधा, की याला आपण एवढे का भ्यालो याचंच त्याला नवल वाटलं.

‘‘पाहुनी न्हाई, साहेब. आमच्यातली हाय,’’ तो म्हणाला. ‘‘आन् आमच्यातली हाय म्हनूनच मी त्यांची वायर शेवटी लावली होती. दुसऱ्या कुनाची आसती तर लावली नसती.’’

साहेबांचा कप ओठांजवळ थांबला. त्यांना आधी नीट कळलं नाही, मग कळलं, आणि मग त्यांनी कप खाली ठेवला. ‘‘आसं कशाला करावं मानसानं?’’ त्यांनी विचारलं. खरंच विचारलं. अश्वजित ओळ टाइप करत राहिला. साहेब सोफ्याकडे बघत म्हणाले, ‘‘तिथं तसंबी कोन बोलतंय.’’ आणि अर्धापूरला दुसरं कुणी बघू, असं ते फायलीकडे वळता वळता बोलले.

अश्वजितने बाहेर येऊन पेटी उघडली, स्विच बंद केला. हॉलमधले सगळे पडदे एकदम काळे झाले आणि लोकांनी माना वर केल्या. त्याने चालू केला. हिरवे ठिपके एकामागून एक लुकलुकायला लागले. खिडकीपाशी ताईंच्या फोनवर पहिला उजेड आला, मग हिशेबाच्या टेबलावर, मग गोदामाचा, मग बाकीचे. केबिनच्या काचेतून तिपाईवरचा फोन दिसत होता, तो तसाच काळा बसला. सगळे फोन पुरते जागे होतात न होतात तोच ताईंचा वाजला. त्यांनी रिसीव्हर उचलला. धर्माबादचे शंकरप्पा असावेत, कारण मधे तेलुगू आलं. हाव, काल बंद होता. न्हाई, मी कुटं जाऊन राहिले, हितंच हाय. बोला की. अश्वजित बॅग खांद्याला लावून त्यांच्या टेबलापाशी गेला. निरोप घ्यावा, काही तरी म्हणावं, निदान या वेळी जयभीम तरी सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणावं असं त्याच्या मनात होतं. ताईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. बोलता बोलताच त्यांनी दुसरा हात त्याच्यासमोर धरला, पंजा उघडा, थांबा असा. तो फोन संपला आणि त्यांनी हात खाली घ्यायच्या आत दुसरा वाजला. तो त्यांनी उचलला. हात तसाच होता. अश्वजितने बॅग खाली ठेवली आणि तो थांबला.